पान एकशे त्रेचाळीस

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या रांगेवर
एक लाकडी जिना चढलात की माझी लायब्ररी.
खालून चोरिसांच्या माळांचा आणि सुक्या बांगड्याचा वास
पुस्तकांत मुरतो. मुरू दे.
महिन्याचे साठ रुपये, अनामत दोनशे,
उशिराला दिवसाचा रुपया दंड.

कप्तानाची पुस्तकं भिंतीकडच्या कपाटात.
मुखपृष्ठावर गळ्याशी उघडा सदरा, सुटलेले केस, मागे जळतं गलबत;
म्हणून मी त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालते
आणि कण्यावर लिहिते: इतिहास.
कोणाचाही नवरा ते उघडून बघत नाही.

गोष्ट तीच. साल सतराशे अमुक.
देसायांची मुलगी, खाडीपलीकडचा खलाशी,
एक पत्र, जे मामा चुलीत घालतो.
ती दुसऱ्या घरी जाते. तो समुद्रावर.
पुढची बारा वर्षं एका ओळीत उरकतात
(त्या एका ओळीसाठी लेखिकेचे पाय धरावेसे वाटतात).
मग मांडवीच्या धक्क्यावर
त्याच्या भुवईत व्रण, तिच्या कानशिलाशी पहिला पांढरा केस,
आणि दोघंही एकमेकांना अहोजाहो करतात.

तिथून पुढे घाई नाही.
पान साठला भांडण. नव्वदला वादळ, एकच होडी, एकच घोंगडी.
एकशे एकतीसला तो माफी मागतो,
चूक नावानिशी सांगून, सबब न देता.
आणि मग एकशे त्रेचाळीस.

ते पान आपोआप उघडतं.
खोबरेल तेलाचं बोट, हळदीचं बोट,
म्हापसा-अस्नोडा बसचं तिकीट,
समासात पेन्सिलीने कोणीतरी लिहिलंय: सावकाश.
मी ते खोडलेलं नाही.
वेरेकर बाई, ज्यांना अख्खी शाळा चळाचळा कापते,
हेच पुस्तक तिसऱ्यांदा नेतात आणि डोळे वर करत नाहीत.
एस्पेरांसा सिस्टर, इस्पितळातून निवृत्त,
मराठी अक्षर लावत लावत वाचते. म्हणते, बरंच आहे गे,
हळू वाचलं की त्याचा हात पोचायला वेळ लागतो.

लोक हसतात, बायका गुंड्यांसाठी वाचतात म्हणून.
हो, गुंड्यांसाठीच. अठरा असतात, एकेक मोजून.
अठरावी सुटल्यावर तो थांबतो,
तिच्या पोटावरच्या बाळंतपणाच्या रेघा बघतो
आणि दिवा विझवत नाही.
तिथे दर वेळी
चष्मा पुसायचं निमित्त करून मी खिडकीशी जाते.

आमच्याकडे पत्र कोणी चुलीत घातलं नव्हतं.
पत्र आलंच नव्हतं.
गुणाकर बार्जवर होता, मग आखातात, मग कुठे कोण जाणे.
मी इथे, वडिलांच्या गल्ल्यामागे, एकतीस वर्षं.
ती काही एका ओळीत मावत नाहीत,
मध्ये चवथी येतात, दाढ काढावी लागते,
वाळवी एक पूर्ण फळी खाऊन जाते.

गेल्या शुक्रवारी जिना करकरला.
टक्कल, गुडघ्याला पट्टा, हातात पिशवी.
"आई गेली. माळ्यावर तुमचं एक पुस्तक मिळालं."
तुमचं, म्हणाला.
कप्तानाचंच होतं, वडिलांच्या अक्षरातलं कार्ड अजून आत.
"दंड किती झाला?"
मी म्हटलं, हिशोब मोठा आहे, पुढच्या बाजाराला या.

तो उतरल्यावर पुस्तक उलटं धरून झटकलं.
एक वाळकी कसर पडली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

आज शुक्रवार. खाली मिरच्यांच्या गोणी उतरताहेत.
दिवसाचा रुपया, एकतीस वर्षं,
मध्ये फेब्रुवारीचे एकोणतीस किती वेळा आले त्यावर
अकरा हजार तीनशे बावीस किंवा तेवीस.
तो एक दिवस
दोघांनी बसून मोजावा लागेल.